मानसिक आजाराच्या रुग्णाला आपत्कालीन विभागात दिवस-दिवस का थांबावे लागते?

वळचण

माझ्या धाकट्या भावाला गेली नऊ वर्षे बायपोलर विकार आहे. मागच्या महिन्यात त्याला उन्मादाचा मोठा झटका आला. चार रात्री तो झोपला नव्हता, त्याचे बोलणे थांबत नव्हते, आणि शेवटी तो गच्चीच्या कठड्यावर चढून बसला तेव्हा आम्ही त्याला कसेबसे खाली उतरवून एका मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात नेले. रुग्णालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची तक्रार करायची नसून जे घडले ते समजून घ्यायचे आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला आम्ही तिथे पोहोचलो आणि मनोविकार कक्षातली खाट त्याला मिळाली ती रविवारी रात्री दहाला, म्हणजे ५२ तासांनी.

त्या ५२ तासांत डॉक्टर त्याच्याशी सगळे मिळून पाऊण तास बोलले असतील. उरलेला सगळा वेळ तो क्ष-किरण खोलीसमोरच्या बोळात स्ट्रेचरवर होता. डोक्यावर ट्यूबलाइट होती आणि ती दोन्ही रात्री एकदाही बंद झाली नाही. खोलीचे दार उघडले की तो दचकून उठायचा. पहिल्या रात्री त्याने उठून चालायला सुरुवात केली म्हणून त्याचे हात दोन तास स्ट्रेचरला बांधून ठेवले. दर पाळीला सुरक्षारक्षक बदलत होता आणि प्रत्येक नवा माणूस त्याच्यासमोरच मला विचारायचा, ‘‘याला काय झालंय?’’ पाय मोडलेला एक मुलगा आमच्यानंतर आला आणि तीन तासांत वॉर्डात गेला. भावाच्या लिथियमच्या (मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या) गोळ्या सगळा वेळ माझ्या पर्समध्ये होत्या. त्या त्याला द्यायच्या की नाही हे मी तीनदा विचारले, आणि उत्तर शनिवारी संध्याकाळी मिळाले.

माझे प्रश्न असे आहेत. इतका वेळ नेमका कशात जातो? रक्त दोनदा काढले, त्याची खरोखर गरज होती का? आणि पुन्हा अशी वेळ आलीच, तर त्या बोळात बसून नातेवाइकाला काय करता येते?

---

रात्रपाळी

मी आपत्कालीन विभागात काम करतो, त्यामुळे माझे उत्तर थोडे आरोपीच्या पिंजऱ्यातून आलेले आहे असे समजून वाचावे.

तुम्ही ज्याला एक प्रतीक्षा म्हणता आहात त्या प्रत्यक्षात दोन आहेत, आणि त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत. पहिली तपासणीची. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, त्याला भास होऊ लागले, तर ते मनोविकारामुळेच आहे असे धरून चालता येत नाही. रक्तातली साखर उतरणे, सोडियम कमी होणे, डोक्याला मार लागणे, मेंदूतला जंतुसंसर्ग, एखाद्या औषधाची विषबाधा, अशी किती तरी कारणे बाहेरून तशीच दिसतात. विशेषतः वयस्क माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच भास होत असतील, ते डोळ्यांना दिसणारे असतील, आणि सकाळी ठीक तर दुपारी भ्रमिष्ट असा चढउतार असेल, तर आधी शरीरातच कारण शोधावे लागते. ‘म्हातारपणी वेड लागले’ असे सांगत आणलेल्या एका आजोबांची केवळ लघवी तुंबली होती. नळी घातल्यावर संध्याकाळपर्यंत ते घरच्यांना नावाने हाक मारू लागले. तेव्हापासून मी या पायरीवर घाई करत नाही.

पण या पायरीच्या नावाखाली बराच वेळ वायाही जातो, हे कबूल केले पाहिजे. ज्याचा जुना मनोविकार माहीत आहे आणि ज्याच्या तपासणीत शंकास्पद काही सापडलेले नाही, अशा प्रत्येकाच्या रक्त-लघवीच्या चाचण्या सरसकट करू नयेत, असे अमेरिकेतल्या आपत्कालीन वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या आपल्या मार्गदर्शक धोरणात म्हटले आहे. तरीही त्या होतात, कारण रुग्णाला घेणारा कक्ष ‘सगळे रिपोर्ट लावल्याशिवाय पाठवू नका’ म्हणतो, आणि रात्री तीनला त्यावर वाद घालण्यापेक्षा रक्त काढणे सोपे असते.

तुमच्या भावाच्या बाबतीत मात्र रक्त तपासणे योग्यच होते, आणि ते दोनदा का काढले याचे एक सयुक्तिक कारण असू शकते. लिथियमची रक्तातली पातळी शेवटच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी मोजायची असते. त्याआधी मोजली तर ती फसवी जास्त येते. गोळी कधी घेतली हे पहिल्या वेळी कोणी विचारले नसेल, तर नमुना पुन्हा घ्यावा लागतो. चार रात्री न झोपलेला, पाण्याकडेही लक्ष नसलेला माणूस आला की मूत्रपिंडाचे काम आणि सोडियम पाहणेही भाग असते, कारण शरीरातले पाणी कमी झाले की लिथियम साचू लागते. तुम्हाला गोळी देण्याबाबत ताबडतोब ‘हो’ न म्हणणे त्यामुळे समजण्यासारखे आहे. जवळपास २४ तास काहीच उत्तर न देणे मात्र समजण्यासारखे नाही.

आता दुसरी प्रतीक्षा. तपासणी झाली, मनोविकारतज्ज्ञांनी पाहिले, ‘दाखल करा’ असे लिहिले, पण खाट नाही. याला आमच्याकडे ‘बोर्डिंग’ म्हणतात, आणि तुमचे बहुतेक तास यातच गेले असणार. केसपेपरवर ‘मानसोपचार कक्ष, खाटेची प्रतीक्षा’ असा शेरा पडला की तो रुग्ण आमच्या डोक्यातून हळूच बाजूला होतो. आम्हाला वाटते, आता तो त्यांचा. त्यांना वाटते, अजून आमच्याकडे आलाच कुठे? मधल्या वेळात त्याची नेहमीची औषधे लिहायची कोणी, हे ठरलेले नसते. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध घेणाऱ्या रुग्णाचे औषध ४८ तासांपेक्षा जास्त काळ तुटले, तर ते जुन्या मात्रेने पुन्हा देता येत नाही, अगदी १२.५ मिलिग्रॅमपासून नव्याने चढवावे लागते. म्हणजे बोळातल्या दोन दिवसांची किंमत वॉर्डातल्या दोन-तीन आठवड्यांत मोजावी लागते. रोज दारू पिणाऱ्याची दारू बंद होऊन इथेच दोन दिवस झाले, तर झटके आणि त्यानंतरचा वाताचा भर आमच्या डोळ्यांदेखत सुरू होतो, आणि आलेली चिठ्ठी मात्र ‘नैराश्य’ एवढीच असते.

---

हिशेबनीस

मी रुग्णालयांच्या खाटांचे नियोजन पाहतो. वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. ‘वेळ कशात जातो’ या प्रश्नाचे माझ्या बाजूचे उत्तर असे की तो रांगेच्या गणितात जातो.

सोयीसाठी एकच खिडकी असलेली रांग डोळ्यांपुढे आणा, जिथे माणसे कधीही येतात आणि प्रत्येकाच्या कामाला कमीजास्त वेळ लागतो. खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर सरासरी प्रतीक्षा एका माणसाच्या कामाच्या चौपट असते. ९० टक्क्यांना ती नऊपट होते आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट. खाटा अनेक असल्या की आकडे इतके भयंकर राहत नाहीत, पण वळण तेच राहते: शेवटच्या काही टक्क्यांत रांग एकदम फुगते. मनोविकार कक्ष बहुतेक ठिकाणी जवळजवळ कायम भरलेले असतात, आणि तिथल्या रुग्णाचा मुक्काम आठवड्यांत मोजायचा असतो. पाय मोडलेल्या मुलाची खाट आज रिकामी झालेल्या पुष्कळ खाटांपैकी एक होती. तुमच्या भावाला हवी असलेली खाट त्या दिवशी कदाचित एकही रिकामी होणार नव्हती. त्यात तुम्ही पोहोचलात शुक्रवारी संध्याकाळी. रुग्णाला घरी सोडण्याचे निर्णय ज्यांनी घ्यायचे ते वरिष्ठ डॉक्टर आणि समाजसेवा विभागाचे लोक सोमवारीच भेटतात, त्यामुळे आठवडाअखेरीस येणारे येत राहतात आणि जाणारे थांबतात. रविवारी रात्री तुम्हाला खाट मिळाली, हे माझ्या अनुभवाने नशीबच म्हणायचे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना दिसत नाही. कागदावरची रिकामी खाट आणि या रुग्णाला देता येण्याजोगी खाट यांत फरक असतो. पुरुषांच्या बाजूला जागा नाही, शेजारचा रुग्ण आधीच आक्रमक आहे, रुग्ण अल्पवयीन आहे, त्याला मधुमेहही आहे आणि तिथे शारीरिक आजार सांभाळणारे कोणी नाही, अशा कारणांनी फोनवर फोन होऊनही नकार येत राहतात. सर्वांत अवघड रुग्ण सर्वांत जास्त थांबतो, ते यामुळेच.

खाटा इतक्या कमी का, याचा इतिहास अमेरिकेच्या उदाहरणावरून चांगला कळतो, कारण तिथे नोंदी आहेत. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ५८ हजार रुग्ण होते; २०१६ पर्यंत सरकारी खाटा ३८ हजारांच्याही खाली आल्या. ती जुनी रुग्णालये बंद केली यात चूक नव्हती, कारण त्यांतली कित्येक केवळ कोंडवाडे होते आणि १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे आल्यावर पुष्कळांना बाहेर राहता येणार होते. पण १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात कायदा करून वस्त्यांमध्ये जी सुमारे दीड हजार केंद्रे उभारायची ठरली होती, त्यांपैकी निम्मीच कशीबशी झाली. एक दार बंद झाले, दुसरे अर्धेच बांधले गेले, आणि चोवीस तास उघडे असलेले एकच दार उरले ते आपत्कालीन विभागाचे. शेवटी वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला की सक्तीने दाखल केलेल्या रुग्णाला केवळ खाट नाही म्हणून उपचारांची सोय नसलेल्या ठिकाणी ठेवणे बेकायदा आहे.

---

निळी वही

मी डॉक्टर नाही आणि नातेवाईकही नाही. मी त्या स्ट्रेचरवर होते. तीन वर्षांपूर्वी, ३१ तास.

येथे तासांचा हिशेब चालू आहे म्हणून सांगते, आत असलेल्या माणसाला तास कळत नाहीत. माझा फोन, घड्याळ आणि चष्मा सुरक्षिततेसाठी काढून घेतला होता. चष्म्याशिवाय समोरच्या भिंतीवरचे घड्याळ मला वाचता येत नव्हते, आणि किती वाजले हे विचारले की ‘आत्ताच सांगितले ना’ असे उत्तर यायचे. मला त्या वेळी माझ्यावर पाळत आहे असे वाटत होते, आणि दारात एक माणूस खरोखरच खुर्ची टाकून माझ्याकडे बघत बसलेला होता. तो माझ्या जिवासाठी बसला आहे हे कोणी मला सांगितले नाही. एवढे एक वाक्य कोणी बोलले असते तर मी त्याच्यावर ओरडले नसते, आणि मग मला ते इंजेक्शनही बहुधा मिळाले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला आलेल्या सिस्टरनी एका कागदाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिले: आत्ता सकाळचे नऊ. डॉक्टर अकराच्या सुमारास. खाट आज नक्की नाही, उद्या बघू. खाली स्वतःचे नाव. बातमी वाईटच होती, पण मला त्यानंतर झोप लागली. मी सिगारेट ओढणारी आहे आणि आदल्या दुपारपासून ओढली नव्हती, हेही त्यांनीच ओळखून निकोटिनची पट्टी मागवली. माझ्या केसपेपरवर आदल्या रात्री ‘बेचैन’ असे तीनदा लिहिलेले होते.

वळचणताई, सुरक्षारक्षकांचा तो प्रश्न तुमच्या भावानेही ऐकला असेल. उत्तर देताना पुढच्या वेळी त्याच्याकडे बघून बोला.

---

दुसरे मत

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. हिशेबनीसांचे गणित बरोबर आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे की रांगेतल्या प्रत्येकाला शेवटी खाटच हवी असते. ते खरे नाही, आणि त्या गृहीतकामुळेच थांबण्याचे तास उपचारांविना जातात. आत्महत्येचा विचार घेऊन आलेला, नशेच्या अमलाखाली असलेला किंवा घरातल्या भांडणानंतर पूर्ण कोसळलेला माणूस रात्री दोनला जसा असतो तसा तो दुसऱ्या दिवशी दुपारी असतोच असे नाही. कॅलिफोर्नियातल्या अलमेडा कौंटीत मानसिक संकटातल्या रुग्णांसाठी एक स्वतंत्र आपत्कालीन केंद्र आहे. आजूबाजूच्या रुग्णालयांनी शारीरिक धोका नाही एवढे पाहायचे आणि रुग्णाला लगेच तिकडे पाठवायचे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात बोर्डिंगचा सरासरी वेळ १ तास ४८ मिनिटे निघाला, जो त्या राज्यात एरवी दहा तासांच्या आसपास होता. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तिथे पोहोचलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना पुढे दाखल करावेच लागले नाही. उपचार पहिल्या तासात सुरू झाले आणि निर्णय त्यानंतर झाला. आपण नेमके याच्या उलट करतो: आधी निर्णय लिहितो आणि खाट मिळेपर्यंत उपचार थांबवून ठेवतो.

याच विचारातून पुढे जे कक्ष निघाले, त्यांत खाटांऐवजी मागे रेलणाऱ्या खुर्च्या असतात, मोठी मोकळी खोली असते, खिडक्या असतात, आणि रुग्णाला उठून चालता येते. उन्मादात चालणे हे लक्षण आहे. चालायला लागला म्हणून हात बांधणे म्हणजे खोकला आला म्हणून तोंड दाबणे आहे. शांत करण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत आणि त्यांना यंत्रसामग्री लागत नाही. एका वेळी एकानेच बोलायचे, दोन हातांचे अंतर ठेवायचे, वाक्ये छोटी ठेवायची, आणि शक्य तिथे त्याला निवड द्यायची: गोळी घ्याल की पातळ औषध, इथे बसाल की तिथे. बांधण्याची वेळ येतच नाही असे मी म्हणणार नाही, पण ती किती मिनिटांनी संपवायची हे आधी ठरवलेले असले पाहिजे.

तुमच्या भावाला मात्र खाट लागणारच होती. चार रात्री जागलेला, कठड्यावर चढलेला उन्मादाचा रुग्ण २४ तासांत सावरत नाही. म्हणूनच त्याला त्या ५२ तासांत सर्वांत जास्त गरज होती ती अंधाराची आणि झोपेच्या औषधाची, कारण जागरणाने उन्माद वाढतो. ती ट्यूबलाइट हा नुसता गैरसोयीचा मुद्दा नव्हता. तो उपचारातला दोष होता.

नातेवाइकाने काय करावे? सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे आणि तो प्रत्येक पाळी बदलल्यावर विचारायचा: आत्ता या क्षणी हा रुग्ण कोणत्या डॉक्टरांच्या जबाबदारीवर आहे? नाव मिळाले की बाकीचे प्रश्न त्या नावाला विचारता येतात, नेहमीची औषधे लिहिली आहेत का, रात्री झोपेसाठी काय दिले आहे, त्याला कमी वर्दळीच्या कोपऱ्यात हलवता येईल का. औषधांची यादी तोंडी सांगू नका, लिहून द्या. मात्रा, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते त्यात हवेच. स्वतःहून पर्समधली गोळी देऊ नका. रात्रपाळींनी सांगितलेले लिथियमचे कारण आहेच. २४ तासांनंतर मनोविकारतज्ज्ञांनी पुन्हा तपासावे असा आग्रह धरा, कारण कालचे मत आजही तेच असेल असे नाही. आणि दोघे असाल तर पाळ्या करा. तिसऱ्या दिवशी नातेवाईकच रडकुंडीला आलेला असतो आणि मग सुट्टीच्या वेळची महत्त्वाची बोलणी नीट ऐकली जात नाहीत.

ज्यांना तिथूनच घरी पाठवले जाते त्यांच्याबद्दल एक वाक्य: आत्महत्येचा विचार असलेल्या रुग्णासोबत बसून संकटात कोणत्या क्रमाने काय करायचे, कोणाला फोन करायचा याची लेखी योजना करणे आणि नंतर फोन करून विचारपूस करत राहणे, एवढ्याने पुढच्या सहा महिन्यांतले आत्मघाताचे वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले, असा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला २०१८ चा अभ्यास आहे. योजना लिहायला अर्धा-पाऊण तास लागतो.

---

हिशेबनीस

दुरुस्ती मान्य आहे. रांगेत येणारे तीन चतुर्थांश कमी झाले तर माझे गणित माझ्याच विरुद्ध जाते. फक्त इतकेच म्हणेन की असे केंद्र दिवसा नऊ ते पाच चालवून उपयोग नाही. इटलीत १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने मनोरुग्णालये बंद करताना सर्वसाधारण रुग्णालयांतले मनोविकार कक्ष जास्तीत जास्त १५ खाटांचेच ठेवले, आणि तिथल्या ट्रिएस्ट शहरात हे निभावले ते वस्तीतली केंद्रे रात्रीही उघडी राहिली आणि तिथेच मुक्कामाला काही खाटा होत्या म्हणून.

---

वळचण

सर्वांचे आभार. केसपेपरची प्रत काढून पाहिली. रात्रपाळींचा अंदाज बरोबर निघाला. पहिल्या रक्ताच्या नोंदीवर शेवटच्या मात्रेची वेळ लिहायची जागा कोरी आहे, दुसऱ्यावर ती भरलेली आहे.

भाऊ आता घरी आहे. काल त्याला ही चर्चा दाखवली. त्याने ती सगळी वाचली, निळी वही यांचे उत्तर दोनदा वाचले. मग म्हणाला की त्या ट्यूबलाइटचे बटण त्याच्या स्ट्रेचरच्या मागेच होते, त्याने ते पहिल्याच रात्री पाहिले होते, पण हात लावला तर पुन्हा बांधतील म्हणून तो गप्प राहिला. मी दोन दिवस त्याच भिंतीला टेकून बसले होते.

औषधांची यादी आम्ही दोघांनी मिळून लिहिली आहे. त्यात मात्रा, वेळ, आधीच्या रक्ततपासणीतली लिथियमची पातळी आणि त्याच्या डॉक्टरांचे नाव आहे. आणखी काय हवे?

---

रात्रपाळी

कोणत्या औषधाने पूर्वी त्रास झाला ते लिहा, विशेषतः इंजेक्शननंतर मान किंवा जीभ आखडली असेल तर. आणि काय केल्याने तो शांत होतो, हे त्याच्याच शब्दांत एक-दोन ओळींत लिहा. ती ओळ मी तरी सर्वांत आधी वाचेन.